ज्यांना बाधलं नाही, त्यांच्याकडे बघ

यवतमाळ, २४ ऑगस्ट

छकुली,

तू पाठवलेला प्रश्न मी तीनदा वाचला. खाली तुझी एकच ओळ होती : "मामा, माझं उत्तर चूक कसं? मला तर हे सगळं माहीत आहे." त्या ओळीतली चीड मला पोचली. २०१७ साली तू चौथीत होतीस. भाऊजी, म्हणजे तुझे बाबा, कापसावर कीटकनाशक फवारून आले ते डोळे चोळतच, आणि त्यांना रात्री मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो माणसं दवाखान्यात गेली. ज्या घराने हे पाहिलं त्या घरातल्या मुलीला नेमका फवारणीच्या विषबाधेचाच उतारा क्लॅटच्या (कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या) मॉकमध्ये यावा, आणि तिचंच उत्तर चुकावं! म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितो आहे.

आधी प्रश्न मराठीत मांडतो. एका जिल्ह्यात यंदा कापसावर फवारणी करताना बऱ्याच मजुरांना विषबाधा झाली. दवाखान्यात आलेल्यांपैकी बहुतेकांनी मास्क आणि हातमोजे घातलेले नव्हते. म्हणून यंदाच्या विषबाधेचं कारण ही साधनं न वापरणं हेच होय. या युक्तिवादाला सर्वांत जास्त कमकुवत करणारं विधान कोणतं? (क) ही साधनं मजुरांना परवडत नाहीत. (ख) मागच्या अनेक हंगामांतही तिथले मजूर साधनांशिवायच फवारत होते, पण विषबाधा क्वचित व्हायची. (ग) डब्यावरच्या सूचना मजुरांना वाचता येतील अशा भाषेत नव्हत्या. (घ) मास्क घातलेल्या काही मजुरांनाही बाधा झाली.

तू 'क' निवडलास. का निवडलास हे मला विचारायची गरज नाही. तो वाचताना तुला भाऊजींचा तो तोंडाला बांधलेला दुपट्टा दिसला असणार.

'क' खरा आहे. 'ग'सुद्धा खरा असू शकतो. पण दोन्ही एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतात : मजुराने मास्क का घातला नाही? उताऱ्याचा दावा त्याबद्दल नाहीच. तो म्हणतो, मास्क नव्हता म्हणून बाधलं. मजूर गरीब होता हे सिद्ध केलंस तर त्याच्यावरचा दोष हलेल, कारण मात्र जागच्या जागी राहील. दोष आणि कारण या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि आपल्या मनात त्या एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात.

ही गाठ मी स्वतः फार उशिरा सोडवली. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका फवारणी मजुराच्या नुकसानभरपाईचा दावा माझ्याकडे होता. समोरचे वकील एवढंच म्हणाले की त्याने तोंडाला काही लावलं नव्हतं, चूक त्याची. मी उठलो आणि त्याच्या गरिबीवर वीस मिनिटं बोललो. बोललो ते सगळं खरं होतं. निकालात मात्र त्याचाही हलगर्जीपणा धरला गेला आणि रक्कम निम्मी झाली. मी एकच गोष्ट पुढे आणायला हवी होती : हा माणूस दहा वर्षं असाच फवारत होता, मग याच वर्षी काय वेगळं झालं? त्या दिवशी मीही 'क'च निवडला होता, छकुली, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

आता 'ख' बघ. मास्क मागच्या वर्षीही नव्हता, यंदाही नाही. जी गोष्ट बदललीच नाही ती एकटी अचानक झालेल्या बदलाचं कारण कशी होईल? दुसरं काहीतरी बदललं असणार. काय बदललं ते 'ख' सांगत नाही, त्याने सांगायचंही नाही. त्याने फक्त 'हेच' या शब्दाचा पाय मोडला. कमकुवत करणं म्हणजे खोटं ठरवणं नव्हे, हे पक्कं लक्षात ठेव. मास्क घालू नये असं 'ख' कुठेच म्हणत नाही.

'घ'ने बऱ्याच हुशार मुलांना फसवलं असेल. तोही युक्तिवादाला थोडा धक्का देतो. पण उताऱ्यात 'बहुतेकांनी' असा शब्द आहे, म्हणजे थोड्यांनी मास्क घातला असण्याची जागा आधीच सोडलेली आहे. त्या थोड्यांचा मास्क फाटका असेल, ओला असेल. प्रश्न 'सर्वांत जास्त' विचारतो, तेव्हा दोन बरोबर वाटणाऱ्या पर्यायांतला वजनदार उचलायचा असतो.

याच उताऱ्यात आणखी एक भोक आहे. समजा, दवाखान्यात १०० जण आले आणि त्यांतले ९० बिनमास्कचे होते. आकडा मोठा वाटतो. पण त्या भागात फवारणारे एकूण हजार असतील आणि त्यांतले ९०० बिनमास्कचेच असतील, तर? मग मास्कचा बाधेशी काही संबंध नसला तरी दवाखान्यात शंभरात नव्वद बिनमास्कचेच असणार. उताऱ्याने आजारी पडलेल्यांची मोजदाद दिली, आजारी न पडलेल्यांची दिलीच नाही. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पाणपंपाभोवती पटकीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरं मोजली आणि जिवंत राहिलेल्यांचाही शोध घेतला. पंपाजवळच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, पाचशेहून जास्त माणसं, पण दगावली फक्त पाच, कारण त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. वाचलेली माणसं पाहिली म्हणून पाण्यावरचा संशय बळकट झाला. कोणताही उतारा पीडितांची संख्या सांगत असेल तेव्हा हात आपोआप दुसऱ्या बाजूला गेला पाहिजे : ज्यांना बाधलं नाही, ते कसे होते?

आता तुझी खरी अडचण. तुला जास्त माहीत आहे. २०१७ साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. ही कारणं तेव्हा चर्चेत आली, सरकारने तपासासाठी विशेष पथकही नेमलं. पण उताऱ्यात यातलं काही नाही. परीक्षेत तुझं जग उताऱ्याच्या शेवटच्या पूर्णविरामापाशी संपतं. घरचं दुःख दारात चपलांसारखं काढून ठेव, पेपर झाला की पुन्हा घाल. ते विसर असं मी कधीच म्हणणार नाही, वकील व्हायचं तुझ्या मनात आलं ते त्याच्यामुळेच.

इंग्रजीची भीती सांगतेस, तर एक करून बघ. उतारा वाचून झाला की तो आईला सांगतेस तसा वऱ्हाडीत एका वाक्यात सांग : "ज्यायनं तोंडाले फडकं बांधलं नव्हतं त्यायलेच बाधलं, म्हून चूक त्यायचीच." असं म्हटल्याबरोबर त्यातली खोट कानाला लागते. इंग्रजी झूल असली की ती दिसत नाही. आणि 'मोस्ट', 'सम', 'ओन्ली', 'अनलेस' या बारीक शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मार. उत्तर पुष्कळदा तिथेच लपलेलं असतं.

क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. एवढा विचार तिथे करता येणार नाही हे खरं आहे, म्हणून तो आत्ता करायचा. दिवसाला वीस प्रश्न सोडवण्यापेक्षा पाचच सोडव, आणि चुकलेल्या प्रत्येकाखाली वहीत लिही की चुकीचा पर्याय तुला का आवडला. बरोबर उत्तर कसं आलं हे क्लासवाले सांगतील. चूक का गोड लागली हे तूच सांगू शकतेस.

भाऊजी परवा आले होते. यंदा पंप स्वतः पाठीवर घेत नाहीत, आणि गड्याला मास्क, हातमोजे, चष्मा दिल्याशिवाय वावरात उतरू देत नाहीत. दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, आपण दोघं बसू.

तुझा,
मामा