गुरूचा उजेड



तू पाठविलेली बारा छायाचित्रे पोचली. ती मी आधी एकट्याने, मग तुझ्या मामीसमोर मांडून पाहिली. तिने सारी एकवार नजरेखालून घातली आणि विचारले, "ही सगळी माणसं एकाच घरातली का हो?"

मी तासभर जे शोधीत होतो ते तिने एका प्रश्नात सांगितले. तुझ्या गुरुजींचा तो तिरपा प्रकाश, जो एक गाल उजळून दुसऱ्याला अंधारात सोडतो आणि तेथे डोळ्याखाली उजेडाचा केवळ लहानसा त्रिकोण ठेवतो, तो तू शाळामास्तरावर, भाजीवालीवर आणि शेजारच्या आठ वर्षांच्या पोरावर सारख्याच निष्ठेने टाकला आहेस. नक्कल बरहुकूम उतरली आहे, आणि मला खटकते ते हेच.

नकलेचा मला तिटकारा आहे असे मात्र समजू नकोस. उमेदवारीच्या काळात शिष्याचा हात गुरूच्या हातामागून चालला नाही, तर तो चालण्यास शिकतच नाही. पण स्वतःचा स्टुडिओ थाटल्यावर माझ्याकडे एक वृद्ध पैलवान आला होता, तेव्हा मी माझ्या उस्तादांच्या रिवाजाप्रमाणे दिवा लावला आणि तालमीत मोडलेला त्याचा कान, जी त्याची जन्माची कमाई, तीच सावलीत बुडवून टाकली. त्याने फोटो बराच वेळ न्याहाळला, ठरलेले पैसे मोजून दिले आणि फोटो मेजावरच ठेवून तो निघून गेला.

छायाचित्रकार युसुफ कार्श यांचे चरित्र तू अवश्य वाच. त्यातही मामा-भाच्यांचीच गोष्ट आहे. १९०८ साली मार्दिन येथे जन्मलेला हा आर्मेनियन मुलगा निर्वासित होऊन कॅनडातील आपल्या छायाचित्रकार मामाकडे आला, आणि मामाने त्याचा वकूब ओळखून त्याला १९२८ साली बोस्टनला जॉन गारो यांच्याकडे धाडले. सहा महिन्यांसाठी गेलेला शागिर्द जवळजवळ तीन वर्षे राहिला. गारो नैसर्गिक प्रकाशावर काम करीत. दिवस कलला की कॅमेरा विसावे आणि स्टुडिओत गायक, नट, लेखक यांची बैठक जमे. त्या बैठकीत सरबराई करता करता, माणूस बोलताना कसा दिसतो आणि बोलणे थांबल्यावर कसा दिसतो, हे तो तरुण पाहत असला पाहिजे. पुढे ऑटावाला गेल्यावर तेथील नाट्यगृहात त्याने रंगमंचाचे दिवे पाहिले आणि कृत्रिम प्रकाश हेच आपले मुख्य साधन केले. म्हणजे ज्या साधनावर गुरूची भिस्त नव्हती, त्यावरच शिष्याची कीर्ती उभी राहिली. तरीही पाहावे कसे आणि पाहिलेले ध्यानात कसे ठेवावे, हे आपल्याला गारोंनी शिकविले, असे तो पुढे कृतज्ञतेने सांगे.

३० डिसेंबर १९४१ रोजी चर्चिल त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा दिवे आधीच सिद्ध होते, तरी चित्र सिद्ध नव्हते. त्याने अदबीने पुढे होऊन त्यांच्या तोंडातील चिरूट काढून घेतला, तेव्हा ते झाले. आणि चेहऱ्यांसाठी जगभर नावाजलेल्या याच माणसाने १९५४ साली प्रादच्या मठात पाब्लो कासाल्स यांना चेलो वाजविताना पाठमोरे टिपले, कारण तेथे त्यांचे एकाकीपण पाठीवरच लिहिलेले होते. समोरच्या माणसाकडून काय हवे ते आधी ओळखावे आणि मग साधनाला हात घालावा, हा गारोंचा खरा वारसा होय. प्रकाशाची दिशा हे गुरूने एका विशिष्ट चेहऱ्याला दिलेले उत्तर असते. शिष्याने उचलायचा तो प्रश्न.

म्हणून महिनाभर तो दिवा बाजूस ठेव. गिऱ्हाईक आले की प्रथम त्याच्याशी चार शब्द बोल, आणि त्याच्यात काय दिसले ते वहीत एका ओळीत लिहून मगच उजेड निवड. तो गुरुजींचाच निघाला तर बेलाशक वापर, कारण मग तो उसना राहणार नाही. भाजीवालीचे चित्र मात्र पुन्हा काढ. दिवसभर तराजू धरणारे तिचे हात चौकटीत कुठेच नाहीत.

गुरुजींना माझा नमस्कार सांग, आणि हा मजकूर त्यांच्यापासून लपवू नकोस. पुढची छायाचित्रे आली की मी ती आधी मामीलाच दाखवीन.

तुझा,
मामा