स्वतःच लिहिलेलं पत्र न वाचण्याचा हक्क

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एम.एस. करायचं म्हणून सध्या घरात अर्जांचा हंगाम चालू आहे. प्रत्येक विद्यापीठाला तीन शिफारसपत्रं हवीत. अर्जात एके ठिकाणी विचारलंय, की ही पत्रं पाहण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडता का? हक्क आहे तर तो सोडायचा कशाला, असं मला वाटतं. तिच्या मैत्रिणी म्हणतात, डोळे मिटून 'हो' कर. आणि तिचे सर म्हणतात, "तूच ड्राफ्ट करून आण, मी बघून टाकतो." हे काय गौडबंगाल आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. मुलीने 'हो'वर टिचकी मारली आणि सरांच्या सांगण्यावरून मसुदाही लिहून दिला, तर जे पत्र तिने स्वतः लिहिलं तेच वाचण्याचा हक्क तिने सोडला, असं होईल. आपल्याकडून असे अर्ज सर्रास जातात आणि त्यात कुणाला काही खटकतही नाही.

आधी हक्काचं बघू. अमेरिकेत १९७४ साली विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबाबत एक कायदा झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'फेर्पा' म्हणतात. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो पुढे रेटला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऑगस्टमध्ये त्यावर सही केली. शाळा-कॉलेजांनी विद्यार्थ्याबद्दल कपाटात काय लिहून ठेवलंय ते त्याला बघता आलं पाहिजे, हा त्याचा गाभा. हेतू चांगलाच होता, पण विद्यापीठांची झोप उडाली. वर्षानुवर्षं प्राध्यापकांनी 'फक्त तुमच्यापुरतं' म्हणून लिहिलेली पत्रं त्याच कपाटांत होती. कायदा नोव्हेंबरमध्ये लागू झाला आणि डिसेंबर संपायच्या आत त्यात दुरुस्ती करावी लागली. १ जानेवारी १९७५ च्या आधीची गोपनीय पत्रं विद्यार्थ्यांना दाखवायची गरज नाही, आणि त्यानंतरच्या पत्रांबाबत विद्यार्थी आपणहून हक्क सोडू शकतो, असं ठरलं. तुमच्या मुलीच्या स्क्रीनवरचा तो चौकोन या दुरुस्तीतून आला आहे. हक्क सोडलाच पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही, अशी अट मात्र विद्यापीठाला घालता येत नाही.

आता हा हक्क केवढा आहे ते पाहा. तो मिळतो विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला. ज्याचा अर्ज नाकारला गेला त्याला या कायद्याखाली काहीच मागता येत नाही. म्हणजे 'माझ्याबद्दल कुणी वाईट तर लिहिलं नाही ना' ही शंका ज्याला खरोखर पोखरते, त्याच्यासाठी तो नाहीच. ज्याला प्रवेश मिळाला त्याच्यासाठी आहे, आणि त्याला एव्हाना त्या पत्राचं काय पडलंय? शिवाय ती पत्रं तोवर जपून ठेवलीच पाहिजेत, असंही नाही. २०१५ च्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी याच कायद्याचा आधार घेऊन आपापल्या प्रवेशाच्या फायली मागायचा सपाटा लावला, तेव्हा काही संस्थांनी प्रवेशसमितीचे शेरे साठवून ठेवणंच बंद करून टाकलं.

(आपल्याकडे गोष्ट उलट दिशेने गेली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहितीच्या अधिकारात मान्य केला. पण उत्तरपत्रिका आपण लिहिलेली असते. शिफारसपत्र आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेलं असतं. निदान असायला हवं.)

तेव्हा मैत्रिणी म्हणतात ते बरोबर आहे, फक्त डोळे उघडे ठेवून 'हो' करायला सांगा. हक्क राखून ठेवला तर वाचणाऱ्याला वाटतं, की शिक्षकाने हात राखून लिहिलं असेल. काही प्राध्यापक तर अशा वेळी लिहायलाच नकार देतात. आणि हक्क सोडला म्हणून शिक्षकाच्या तोंडाला कुलूप लागत नाही. त्यांनी आपणहून पत्र दाखवलं तर त्यात बेकायदा काही नाही. तुम्ही सोडता ते विद्यापीठाकडे मागण्याचा हक्क, इतकंच.

आता खरा गुंता, सरांच्या ड्राफ्टचा. सरांना एकदम दोष देऊ नका. साठ-सत्तर मुलांचा एकेक वर्ग, त्यातली वीस-पंचवीस मुलं परदेशी निघालेली, प्रत्येकाची सात-आठ विद्यापीठं. अर्जांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत, आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच सबमिशनं, ओरल, पेपर तपासणी. त्यात इंग्रजीत दोन पानं लिहायचा कंटाळा. मी स्वतः शिकवत होतो तेव्हा माझ्या टेबलावरही अशी पत्रं रांग लावून असायची, त्यामुळे "तूच लिहून आण" हे वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे. तरीही ते वाक्य त्या पत्राची किंमत शून्यावर आणतं. अर्जात गुणपत्रक असतं, उद्देशपत्र असतं, जीआरई मागितली असेल तर तिचा आकडा असतो. हे सगळं उमेदवाराचं. उमेदवाराने न लिहिलेला असा एकच कागद फायलीत असतो, आणि समिती तो त्यासाठीच उघडते.

आणि उमेदवाराने लिहिलेलं पत्र ओळखू येतं. तीन वेगवेगळ्या सरांची पत्रं एकाच वळणाची, तिन्हींत तोच आवडता शब्द, उद्देशपत्रातलंच एखादं वाक्य जरा फिरवून इथे आलेलं. वर पाठवणाऱ्याचा ईमेल कॉलेजचा नसून साधा जीमेलचा. समितीतल्या लोकांचं हे दर वर्षीचं वाचन आहे. शिक्षकाच्या नावाने भलताच कुणी पत्र चढवत असेल आणि ते उघडकीला आलं, तर अर्ज बाद होतो. प्रवेश मिळाल्यावर उघडकीला आलं तर प्रवेशही जाऊ शकतो. 'सरांनीच पासवर्ड दिला होता' हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

शिक्षकांकडे नेमकं काय जातं, तेही सांगतो. ईमेलमधून एक दुवा येतो. तो उघडला की बहुधा आधी एक तक्ता असतो. डावीकडे गुण : बौद्धिक कुवत, स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी, लेखन, चिकाटी. वर रकाने : आजवरच्या विद्यार्थ्यांत सर्वोत्तम पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पंचवीस टक्क्यांत, आणि अगदी शेवटी 'सांगता येत नाही'. आपले सर काय करतात, तर पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरसकट खुणा. मुलीचं भलं करायचं म्हणूनच करतात, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एखाद्या ओळीत दहा टक्के, एखादीत चक्क 'सांगता येत नाही' असलं, की बाकीच्या खुणांवर विश्वास बसतो.

तक्त्यानंतर पत्र. आपल्याकडचा ठरलेला मजकूर तुम्हाला पाठ असेल : सदर विद्यार्थिनी कष्टाळू, प्रामाणिक, नम्र आणि वक्तशीर आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. हे चारित्र्याच्या दाखल्याला शोभतं. संशोधनासाठी माणूस निवडणाऱ्याला 'कष्टाळू' ऐकून वाटतं, की हुशारीबद्दल बोलण्यासारखं नसावं. २००३ साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोघींनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षकांच्या नेमणुकांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती, आणि कष्टाचं कौतुक करणारे शब्द त्यांच्या वाट्याला जास्त आले होते. तुम्ही मुलीचे वडील आहात की आई हे पत्रावरून कळलं नाही, पण सरांच्या पत्रात 'मुलगी फार मेहनती' एवढंच येणार नाही, याकडे घरातलं कुणीतरी लक्ष द्या.

मग चालतं काय? प्रसंग. समजा, तिसऱ्या वर्षाला हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्युगल पंपाची चाचणी होती. रीडिंग्ज वक्रात बसेनात. बाकीच्या गटांनी मागच्या बॅचच्या जर्नलातले आकडे उतरवून सही घेतली. हिने पंप बंद करून प्रेशर गेजकडे पाहिलं, तर काटा शून्यावर यायला तयार नाही. तेवढा फरक सगळ्या रीडिंग्जमधून वजा केला, जर्नलात तसं लिहिलं, आणि असिस्टंटला सांगून गेज बदलून घेतला. सरांनी हे एवढंच पाच-सहा वाक्यांत लिहिलं तरी समितीला मुलगी दिसते. नऊ सीजीपीए तर प्रत्येक अर्जात आहे.

मोठ्या पत्रांचीही गरज नसते. १९४८ मध्ये कार्नेगी टेकच्या रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला पाठवलेलं पत्र पाचेक ओळींचं आहे. जॉन नॅश यांनी अर्ज केलाय, वय एकोणीस, जूनमध्ये पदवी मिळेल, आणि हा गणितातला जीनियस आहे, संपलं. ते चाललं, कारण डफिन गणिती म्हणून ज्ञात होते आणि असले शब्द ते वाटत फिरत नव्हते. आपल्या सरांनी तसंच लिहिलं तर मात्र हसं होईल, म्हणून आपल्याला गेजची गोष्ट लागते.

लिहिणारा कोण, हा मुद्दा आपल्याकडे फार चुकतो. प्राचार्यांचं लेटरहेड, विभागप्रमुखांची सही, कुणाकुणाच्या घरी तर आमदारसाहेबांचं पत्र! ज्या माणसाने तुमच्या मुलीला वर्गात ओळखलं नसतं, त्याच्या हुद्द्याचा उपयोग शून्य. ओळख असलेल्या माणसाचं पत्र काय असतं, याचा आपल्या जवळचा दाखला म्हणजे कोलंबियाचे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिलं. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना जे कळवलं त्याचा आशय असा, की या गृहस्थांचं डॉक्टरेटचं काम आधीच झालेलं आहे, इथे त्यांना जिंकायला आता उरलंय काय? बाबासाहेबांनी प्रवेश घेतलाच, आणि मधला खंड पडूनही १९२३ मध्ये तिथून डी.एस्सी. मिळवली. विद्यार्थ्याचं काम रोज पाहणाऱ्या शिक्षकाने, ते काम समजू शकणाऱ्याला लिहिलेलं पत्र. एवढी एकच कसोटी लावून तिन्ही नावं निवडा.

आता सरांना काय सांगायचं? "सर, ड्राफ्ट नको, मी मुद्द्यांचा कागद देते" असं तिने म्हणावं. एक पान पुरे. कोणता विषय, कोणतं वर्ष, कोणता प्रकल्प, सरांसमोर घडलेले दोन-तीन प्रसंग, विद्यापीठांची यादी आणि मुदती. सोबत गुणपत्रकाची झेरॉक्स आणि उद्देशपत्र. मुदतीच्या महिना-दीड महिना आधी, शक्यतो दिवाळीच्या सुट्टीआधी. सर इंग्रजीला बिचकत असतील तर चार प्रसंग त्यांनी मराठीत मोबाइलवर बोलून ठेवावेत आणि मग तेवढेच आपल्या इंग्रजीत उतरवावेत. त्या इंग्रजीत एखादी चूक राहिली तरी बिघडत नाही, उलट पत्र त्यांचंच आहे हे कळतं. एवढं करूनही सर म्हणाले, "वेळ नाही गं, तूच लिही," तर आभार मानून दुसऱ्या मॅडमकडे जायचं. विभागात सगळ्यात धाकट्या असल्या तरी चालतील, प्रकल्प त्यांनीच बघितला असेल तर.

प्रश्न : नोकरीला दहा वर्षं झाली. आता ब्रिटनमध्ये मास्टर्सचा विचार आहे. कॉलेजातले सर निवृत्त झाले, मला ओळखतील असंही वाटत नाही. कुणाकडे मागू? – एक वाचक, पुणे

उत्तर : ब्रिटनमध्ये बहुधा दोन पत्रं लागतात, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कामाच्या ठिकाणचं पत्र बरीच विद्यापीठं स्वीकारतात. ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केलं त्या मॅनेजरकडे मागा, कंपनीच्या डायरेक्टरकडे नको. एक पत्र शिक्षकाचंच हवं अशी अट असेल तर आधी विभागाला ईमेल करून तुमची अडचण सांगा, ते अनेकदा सवलत देतात. सरांना मात्र जरूर फोन करा. बी.ई.चा प्रोजेक्ट रिपोर्ट घरी असेल तर त्याची प्रत घेऊन भेटा. नाव विसरलेल्या शिक्षकांनाही प्रोजेक्ट बऱ्याचदा आठवतो. त्यांचा कॉलेजचा ईमेल बंद झाला असेल तर अर्जात खासगी पत्ता देताना ते निवृत्त असल्याचं स्पष्ट लिहा, आणि कॉलेजच्या कार्यालयाचा फोन नंबर सोबत जोडा.