नाणे खरे, भाव खोटा

आमच्या मराठवाड्यात जुना रुपया निघणे ही नवलाची गोष्ट नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड-लातूरचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथला व्यवहार हाली शिक्क्यात चाले. इंग्रजांचा तो कलदार, निजामाचा तो हाली. सहा कलदारांना सात हाली, हा हिशेब जुन्या माणसांना पाठ असे. आजीच्या पेटीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, तांड्यावरच्या बायकांच्या दागिन्यांत हे चारमिनारी रुपये आजही सापडतात. म्हणून ऑनलाइन लिलावात अशाच रुपयाखाली ‘अतिदुर्मीळ’ लिहिलेले दिसले की आपल्या भागातल्या माणसाने तरी आधी थांबायला हवे. जी वस्तू गावोगावच्या घरांत आहे, ती केवळ जुनी असल्यामुळे दुर्मीळ होत नाही.

माझा भाचा नांदेडला असतो. निजामी नाणी मी बरीच वर्षे जमवतो, हे त्याला ठाऊक आहे. एकदा त्याने फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. “मामा, सातशे वर्षांपूर्वीचं नाणं आहे. आज रात्री बोली संपते. घेऊन टाकू का?” बोली तेव्हा साडेपाच हजारांवर होती. नाण्यावर चारमिनार होता आणि खाली उर्दू आकड्यांत 1337.

तो आकडा हिजरी सनाचा. हिजरी 1337 म्हणजे 1918-19. चारमिनारच मुळी 1591 मध्ये बांधला गेला, मग 1337 सालच्या नाण्यावर तो येणार कुठून? विकणाऱ्याला हे कळत नसेल किंवा कळूनही त्याने तसे लिहिले असेल, घेणाऱ्याचे नुकसान सारखेच. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या शेवटच्या काळात चारमिनार नाण्यांवर आला. त्याच्या नाण्यांवर मधल्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असते, तर 1911 ला गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानाच्या नाण्यांवर ‘ऐन’. दुसऱ्या बाजूला टांकसाळीचे नाव ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष. 1337 च्या रुपयावर ते आठच्या आसपास असायला हवे. भाच्याच्या फोटोत हे सगळे जुळत होते. नाणे खरे होते. प्रश्न भावाचा होता.

मी अशा वेळी पहिल्यांदा धातूचा हिशेब करतो. उस्मान अली खानाचा चांदीचा रुपया 11.18 ग्रॅमचा आणि त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सव्वानऊ ग्रॅमच्याही थोडी खाली. त्या दिवसाच्या सराफा भावाने तिला गुणले की खालची पायरी मिळते. मग वरचे जेवढे पैसे मागितले जातात, ते कशाचे हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे. साल कमी मिळणारे आहे? नाणे चलनात न फिरलेले, कोरे करकरीत आहे? टांकसाळीचा काही वेगळा छाप आहे? भाच्याला मी हेच विचारले. साल नेहमीचे, नाणे बऱ्यापैकी झिजलेले, छापात वेगळे काही नाही. बोली मात्र चांदीच्या किमतीच्या कितीतरी पट वर गेलेली. त्या वरच्या पैशांना एकच नाव उरले होते, ‘सातशे वर्षे’. आणि ती तर नव्हतीच.

कलदाराच्या बाबतीत तर हा धातूचा हिशेब फारच उपयोगी पडतो. राणी छाप रुपयापासून 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा आणि 91.7 टक्के चांदीचा. 1940 पासून 1945 पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मी झाली. 1947 चा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही. तरीही ‘जॉर्ज राजाचा चांदीचा रुपया’ म्हणून तिन्ही एकाच भावात लावलेले मी पाहिले आहेत. उलट 1939 चा चांदीचा रुपया खरोखरच दुर्मीळ आहे. 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपयाही संग्राहक आवर्जून शोधतात, कारण राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि तो रुपया मागे घ्यावा लागला. अशा नाण्याला ज्यादा पैसे मोजण्यात चूक नाही. तिथे कारण आहे. पण जिथे नाव आहे तिथेच नकलाही होतात, त्यामुळे या दोन सालांसाठी जाणकाराला दाखवल्याशिवाय मोठी बोली लावू नये.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. इथले खूप रुपये माळेत ओवलेले होते. माळेसाठी नाण्याच्या कडेला कडी डागलेली असते. विकताना ती कडी काढतात, जागा घासतात, कधी भरून गुळगुळीत करतात. समोरून काढलेल्या फोटोत हे दिसत नाही, कडेचा फोटो मागितला तर दिसते. भाच्याच्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी असाच एक रुपया आधी घेतला होता. सराफाने त्याला निव्वळ चांदीचा भाव सांगितला, आणि एका संग्राहकाने कडीची खूण बोटाने दाखवून नाणे परत त्यांच्या हातात दिले. म्हणून विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: कडेचा फोटो, वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो आणि दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो. जो टाळाटाळ करतो, त्याचे नाणे सोडून द्यावे. चिंच किंवा राख लावून चकचकीत केलेल्या नाण्याचेही तेच. नवशिक्याला चमक आवडते, पण संग्राहक त्या चमकेपोटी भाव कमी करतो.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत लोक नेहमी गल्लत करतात. कुणी एका रुपयाला पन्नास हजार लावले म्हणून तो पन्नास हजारांचा होत नाही. नामांकित लिलावगृहे झालेल्या लिलावांच्या किमती प्रसिद्ध करतात, तिथे तेच साल आणि तीच झीज असलेली नाणी शोधावीत. एकच विक्री पाहून ठरवू नये. दोन हट्टी माणसे भिडली की एखादा भाव उगाच उंच जातो. आणि हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन, त्यावरचा कर, कुरिअर, विमा. कमिशन वीस टक्के धरले तर पाच हजारांची बोली तिथेच सहा हजार होते. आपली मर्यादा या सगळ्यासह ठरवावी, कागदावर लिहावी आणि घड्याळ उलटे मोजू लागण्याआधी लिहावी.

भाच्याने तसेच केले. त्याच्या मर्यादेवर तो थांबला आणि रुपया साडेआठ हजारांना गेला. नंतर काही दिवसांतच तोच रुपया, मिनारावरच्या त्याच ओरखड्यासह, त्याच विक्रेत्याने पुन्हा लावला. बोलींचा इतिहास उघडून पाहिला तर दोन खाती त्याच विक्रेत्याच्या लिलावांत पुनःपुन्हा चढत होती आणि जिंकूनही वस्तू परतच येत होती. भाव वर ढकलण्यासाठीच ही खाती असावीत, असे मला वाटते. बोलीचा इतिहास दिसत नसेल अशा ठिकाणी मी उतरतच नाही.

नांदेडमध्ये आणखी एका नाण्याची चौकशी होते. गुरू गोविंदसिंगजींच्या 350 व्या प्रकाशपर्वानिमित्त जानेवारी 2019 मध्ये निघालेले 350 रुपयांचे नाणे. ते 35 ग्रॅमचे, निम्मे चांदीचे, म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. हजूर साहिबच्या गावात ते घरी असावे असे वाटणे मला समजते. पण अशी नाणी सरकारी टांकसाळ नोंदणी घेऊन विकते. तिचा मूळ भाव आणि मूळ वेष्टन आहे की नाही, हे पाहूनच पुढे जावे.

राम-सीता-हनुमानाचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असा मजकूर असलेल्या नाण्याचा विषय मात्र एका वाक्यात संपतो: कंपनीने असे नाणे पाडलेच नाही. त्याला लाखो रुपये मिळवून देतो म्हणून कुणी आधी शुल्क मागितले तर फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलेही कमिशन घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

नाणे घरी आले की पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढावा. मग छोट्या काट्यावर वजन करावे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि चारमिनारी रुपया दोऱ्याने पाण्यात बुडवावा, पण तळाला टेकू देऊ नये. काट्याने 1.1 ग्रॅमच्या जवळपास दाखवले पाहिजे. 1.3 दाखवले तर परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला लिहावे.