आधी सहावीचं पुस्तक काढ

अगं मनू, चाचणीत गुण कमी पडले की ‘माझं डोकंच गणिताचं नाही’ म्हणून मोकळी होतेस. मला हे मुळीच पटत नाही. तुझी चुकलेली गणितं मी नीट पाहिली. एकसामयिक समीकरणांची रीत तुला घडाघडा येते, मांडणीही बरोबर करतेस. मग मध्येच ३/४ अधिक ५/६ आलं की छेद समान न करता सरळ ८/१० लिहून टाकतेस! म्हणजे घोडं अडलंय कुठे? दहावीत नाही, सहावीत.

हे तुझ्या एकटीचं नाही हं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या प्रगतीचा वर्षानुवर्षं माग घेणारा रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दहाव्या वर्षाच्या आसपास ज्यांचे अपूर्णांक आणि भागाकार पक्के होते, त्यांचं हायस्कूलमधलं बीजगणितही सरस निघालं. बुद्ध्यांक, घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही!

दुसरी गोष्ट धास्तीची. गणित सोडवताना मधले आकडे आपण मनातल्या एका छोट्या पाटीवर धरून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ मार्क ॲशक्राफ्ट यांच्या संशोधनात दिसलं, की भीती नेमकी तीच जागा खाते. ‘वेळ पुरेल का, बाबा काय म्हणतील’ यानंच पाटी भरली, तर हातचा धरायचा कुठे? म्हणून घरी येणारं गणित पेपरात चुकतं. पायऱ्या मनातल्या मनात उरकू नकोस, कागदावर मांड. डोक्यावरचा भार हलका होतो आणि पायऱ्यांचे गुणही मिळतात.

आणि सराव! एकाच प्रकारची गणितं ओळीनं सोडवलीस, की कोणती रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही. बोर्डाच्या पेपरात मात्र खरी कसोटी तीच. म्हणून एक श्रेढीचं, एक संभाव्यतेचं, एक वर्गसमीकरणाचं असं मिसळून घे. गाईडमधलं उत्तर वाचून ‘कळलं’ म्हणू नकोस. गाईड मिटून सोडव.

शिक्षक, घरचं वातावरण, वर्गातली गर्दी यांचाही वाटा असतोच. पण ते काही तुझ्या हातात नाही. अपूर्णांक आहेत. आज दहावीचं राहू दे, सहावीचं पुस्तक काढ. लाज वाटत असेल तर दार लावून बस, आणि अडलं की मला हाक मार.