ड्रेन व्हॉल्व्ह : घ्यायचा की नाही?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात घरपोच ऑइल चेंज सुरू करताय? मग आधी हा हिशोब करा.

चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी हा छोटा व्हॉल्व्ह कायमचा बसतो. खटका फिरवला की ऑइल बाहेर. पाना नको, दरवेळी नवा वॉशर नको. पण घरच्या गाडीचं ऑइल बदलतं साधारण वर्षातून एकदा. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक जादा पैसे का देईल? शिवाय धार बोल्टपेक्षा बारीक, आणि व्हॉल्व्ह खाली लोंबतो. आपले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे आठवा. तो तुटला तर ऑइल रस्त्यावर, आणि गाडी तशीच हाकली तर इंजिन जाम. कमी उंचीच्या गाडीला मी तरी बसवणार नाही.

टॅक्सी-ट्रॅव्हल्सचं गणित वेगळं. त्या दर दोन-तीन महिन्यांनी सर्व्हिसला येतात. बोल्ट सारखा खोलून ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, ते वाचतात. नळी जोडता येणारा व्हॉल्व्ह घेतलात तर ऑइल थेट कॅनमध्ये. सोसायटीच्या फरशीवर डाग नाही, वॉचमनची कटकट नाही. (काळं ऑइल मात्र नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. वालधुनीने आधीच पुष्कळ सोसलंय.)

मागवण्याआधी बोल्टची जाडी आणि आट्यांचा पीच मोजा. पहिले दोन व्हॉल्व्ह एखाद्या टॅक्सीवाल्याच्या गाड्यांना लावा, लॉक क्लिप घाला, आणि आठवड्याने खाली वाकून गळती बघा.