जनुकोपचारात काम कोण कोण करतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत सिकलसेलवरची देशी बनावटीची जनुक संपादन उपचारपद्धती जाहीर झाली. भगवान बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ तिचं नाव ठेवलं ‘बिरसा १०१’, आणि तंत्रज्ञान सोपवलं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. रुग्णांवरच्या चाचण्या पार पडून ती गावातल्या पेशंटपर्यंत पोहोचायला अजून वेळ आहे. पण अशी बातमी आली की बारावीतल्या मुलांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: क्रिस्पर शिकायचं तर अ‍ॅडमिशन कुठे घ्यायची?

प्रश्न असा विचारला की पाय चुकीच्या दिशेने पडतो. क्रिस्पर हे जनुक संपादनाचं हत्यार आहे, आणि ते उद्या बदलेल. विचारायचं ते हे, की एका आजारी मुलाला बरं करण्यासाठी कोणकोण माणसं कामाला लागतात आणि त्यातलं कुठलं काम आपलं मूल तीस वर्षं मन लावून करील. म्हणून सिकलसेलच्याच एका रुग्णाच्या वाटेने जाऊन बघू. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार इथल्या वाचकांना हा आजार वेगळा समजावून सांगायला नको. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्यानं ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पेशंट वेदनेने तळमळतो.

यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज म्हणजे मूळ पेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो. भारतात पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. अडचण दात्याची असते. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ज्याला जुळणारा दाता नाही, त्याच्या स्वतःच्याच मूळ पेशी काढून, प्रयोगशाळेत दुरुस्त करून परत द्यायच्या, हा नवा मार्ग. अशी ‘कॅसजेव्ही’ नावाची उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मंजूर केली. गंमत म्हणजे ती बिघडलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन तयार होत असतं, ते जन्मानंतर बंद पडतं. ती बंदी उठवून तेच पुन्हा चालू केलं जातं. अमेरिकेत एका रुग्णासाठी तिची किंमत आहे २२ लाख डॉलर. भारतात हे काम वाढणार आहे ते या किमतीमुळेच. इथल्या पेशंटला परवडेल असं औषध इथेच तयार करावं लागेल.

आता माणसं बघू. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर पालकांना ठाऊक असतात, आणि ती वाट सरळ पण लांब आहे. नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी (मेडिसिन किंवा बालरोग), मग तीन वर्षं क्लिनिकल हिमॅटॉलॉजीतलं डीएम. कुठेही वर्ष गेलं नाही तरी तिशी येते. मेडिकल जेनेटिक्समध्येही डीएम करता येतं. मुलाला पेशंटशेजारी उभं राहायची ओढ असेल तरच या वाटेला लावा. नीटमध्ये मार्क पडले, एवढं कारण पुरेसं नाही.

मला अधिक बोलायचंय ते ज्यांच्याबद्दल घरात बोललं जात नाही त्यांच्याबद्दल. पहिली, पेशी हाताळणारी प्रयोगशाळा. आत जाणारा डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाखात असतो, हवा गाळून आत सोडलेली असते. समोरच्या पिशवीत एका पेशंटच्या मूळ पेशी असतात. त्या मिळवण्यासाठी पेशंटला आधी औषध देऊन, मग यंत्राला तासन्‌तास जोडून ठेवलेलं असतं. लेबल एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडताळायचं, दोघांनी सही करायची. विजेचा सूक्ष्म झटका देऊन पेशींची आवरणं क्षणभर उघडतात आणि संपादनाचा ऐवज आत जातो. नंतर किती पेशी जगल्या, कितीत बदल झाला, जंतुसंसर्ग नाही ना, हे सगळं तपासून पिशवी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवतात. पेशी सगळ्या चाचण्यांना उतरल्याशिवाय पेशंटचा मॅरो रिकामा करणारं केमो सुरू करता येत नाही. पिशवी वाया गेली तर त्या मुलाला पुन्हा यंत्राला जोडावं लागतं. बी.फार्म., एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी केलेल्यांना इथे जागा आहे; पण हात स्थिर हवा, नोंदी ठेवायचा कंटाळा नको. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली ‘नेक्सकार१९’ ही २०२३ मध्ये मंजूर झालेली उपचारपद्धती कर्करोगावरची आहे, आनुवंशिक आजारावरची नव्हे. पण तिची प्रयोगशाळा याच जातीची आहे, आणि तिथे शिकलेला माणूस उद्या सिकलसेलच्या कामात उपयोगी पडेल.

गणित आवडतं पण रक्त बघवत नाही, अशा मुलासाठी बायोइन्फर्मेटिक्स आहे. जनुक संपादनाची कात्री भलत्याच ठिकाणी चालली नाही ना, हे जनुकांच्या प्रचंड माहितीतून शोधणारी ही माणसं.

आणि जेनेटिक कौन्सेलर. हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक निघालेले असतात. दोघांना काही त्रास नाही, दोघं शेतात राबतात, मग बाळ आजारी कसं निघेल हे त्यांना उमजत नाही. दर गरोदरपणात शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, हे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगायचं असतं. तेवढ्यात सासू विचारते, “हे कुणाकडून आलं?” तिची नजर सुनेकडे असते. दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे त्या क्षणी शांतपणे आणि ठामपणे कुणीतरी सांगायला हवं. ह्यूमन जेनेटिक्ससारख्या विषयात एम.एस्सी. आणि पुढे समुपदेशनाचं प्रशिक्षण, असा हा मार्ग. ज्या मुलीला गोंडी, माडिया, कोरकू किंवा पावरी येते, तिच्याइतकी लायक व्यक्ती मुंबई-पुण्यातून आणता येणार नाही. २०४७ पर्यंत सिकलसेल दूर करण्याचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणीनंतर बोलणारं कुणी नसेल तर रिपोर्टचा कागद घरात पडून राहतो.

संशोधनाकडे ओढा असेल तर आयसर पुणे किंवा मुंबईचं यूएम-डीएई सीबीएस इथून सुरुवात करता येते. एकाची प्रवेश परीक्षा आयएटी, दुसऱ्याची नेस्ट. पुढे पीएच.डी.साठी पुण्याचं एनसीसीएस, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, परळचं आयसीएमआर-एनआयआयएच. या शेवटच्या संस्थेचं एक केंद्र चंद्रपूरला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलियाच्या ५ रुग्णांवर झालेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मूळ पेशींचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. नेट उत्तीर्ण होऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना ३७ हजार आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२ हजार. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपही बघाव्यात.

पालकांना स्पष्ट सांगायला हवं, की हे क्षेत्र आज लहान आहे. कुठल्याही कॉलेजातून बी.एस्सी. बायोटेक केलं की नोकरी लागते, असं नाही. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आठवड्याला किती तास स्वतःच्या हाताने प्रयोग करतात आणि गेल्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचारा. काही महिन्यांत जनुक संपादनाचा तज्ज्ञ बनवणाऱ्या महागड्या सर्टिफिकेटवर कर्ज काढू नका. हाताला काम शिकलेल्या मुलाला लस, औषधनिर्मिती, ब्लड बँक, निदान प्रयोगशाळा यांची दारं उघडी असतात, तोवर हे क्षेत्र वाढत राहील.

जी संस्था ऑटिझमपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर स्टेम सेल टोचते, तिथे इंटर्नशिपसुद्धा नको. आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांत मान्य आजारांपलीकडे, चाचणीशिवाय असा वापर बसत नाही. गर्भाच्या जनुकांत कायमचे बदल करून बाळ जन्माला घालणंही आपल्याकडे निषिद्ध आहे. २०१८ मध्ये ते करणाऱ्या चिनी शास्त्रज्ञाला तुरुंगवास झाला.

मूल अकरावीत असेल तर एक निर्णय लगेच घ्यायचा आहे. बायोलॉजीसाठी गणित सोडू नका, झेपत असेल तर दोन्ही ठेवा. नीटला गणित लागत नाही म्हणून ते टाकलं जातं. पण पेशी मोजायला, चाचणीचे आकडे तपासायला, जोडप्याला शक्यता समजावून सांगायला ते रोज लागतं, आणि आयएटीत त्याचे प्रश्न येतातच.