शाळेची वार्ता आणि घरची भाषा : रायपूरच्या पंडरी परिसराच्या संदर्भात काही विचार

भारतीय नियतकालिकांच्या इतिहासलेखनात शाळांच्या वार्षिकांकांना जवळजवळ स्थान मिळालेले नाही. दैनिके, साप्ताहिके, मासिके यांच्या सूची तयार झाल्या. परंतु माध्यमिक शाळेचा वार्षिकांक, वर्गाचे हस्तलिखित, व्हरांड्यातील भित्तिपत्रक, प्रार्थनासभेत विद्यार्थ्याने वाचून दाखविलेली बातमी ही सामग्री अभ्यासकांना फारशी दखलपात्र वाटलेली नाही. वस्तुतः एखादा समाज आपल्या पुढच्या पिढीला 'आपली बातमी' कशी सांगावी हे प्रथम शिकवितो तो याच ठिकाणी. शाळा एकभाषिक असेल तर या वार्तेच्या भाषेचा प्रश्न उद्भवत नाही. जेथे एका बाकावर चार मातृभाषा बसतात तेथे मात्र तो प्रश्न वाङ्मयीन तसाच सामाजिकही होतो.

रायपूर शहरातील पंडरी हा भाग या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. घाऊक कापडबाजारासाठी तो छत्तीसगढभर प्रसिद्ध आहे. या बाजाराच्या घडणीत 1947 च्या फाळणीनंतर येथे आलेल्या सिंधी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. शहराचे आंतरराज्य बसस्थानक अनेक वर्षे येथेच होते (पुढे ते भाठागावला हलले), आणि नागपूर, ओडिशा व बस्तर या तिन्ही दिशांची माणसे येथे उतरत असत. राज्यातील हातमागाचा व हस्तकलेचा माल मांडणारे छत्तीसगढ हाटही येथेच आहे. अशा परिसरातील कोणत्याही माध्यमिक वर्गात छत्तीसगढी, सिंधी, ओडिया, तेलुगू, पंजाबी, गुजराती, बंगाली आणि मराठी ही घरे एकत्र येतात. मराठी कानाला 'पंडरी' हे नाव प्रथम 'पंढरी'सारखे ऐकू येते; परंतु छत्तीसगढीत 'पंडरा' म्हणजे पांढरा, आणि मराठी कृषिव्यवहारात शेतजमिनीची ती 'काळी' व गावठाणाची ती 'पांढरी'. ध्वनिसाम्यावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे असले, तरी दोन शेजारभाषांच्या शब्दकोशांतील ही जवळीक येथे विसरता येत नाही.

मराठीचा या प्रदेशाशी संबंध बसस्थानकापेक्षा पुष्कळ जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची पहिली स्वारी 1741 ची. बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 या काळात रतनपुराहून कारभार पाहिला. 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपूरला आणले, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. हा प्रांत स्वभावतःच हिंदी-मराठी असा द्विभाषिक होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. रायपूरमधील मराठी कुटुंबे जागची हलली नाहीत. सीमाच त्यांच्यापासून दूर सरकली. सिंधी विद्यार्थ्याच्या पूर्वजांनी प्रदेश सोडला म्हणून त्याची भाषा घरापुरती उरली. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रदेशानेच भाषा सोडली. दोघांचा अनुभव भिन्न असला, तरी शाळेत पोहोचल्यावर दोघांची स्थिती सारखीच होते.

शाळा आणि वृत्तपत्र ही मराठी परंपरेत सख्खी भावंडे आहेत. बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक होते, आणि 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी सुरू केलेल्या 'दर्पण'चे इंग्रजी व मराठी मजकुराचे स्तंभ शेजारी शेजारी छापले जात. पुण्यात 1880 च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी 'केसरी' व 'मराठा' काढले. रायपूरच्या संदर्भात या परंपरेचे वारसदार माधवराव सप्रे (1871-1926) होत. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी मुलाचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथील शाळांत झाले. पुढे पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक असताना त्यांनी जानेवारी 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. हे तिघेही मराठी भाषक असून त्यांनी काढलेले मासिक मात्र हिंदी होते. ते 1902 अखेरपर्यंत, म्हणजे तीनच वर्षे चालले. परंतु छत्तीसगढच्या पत्रकारितेचा आरंभ त्यापासूनच मानला जातो.

मराठी वाङ्मयेतिहासकारांनी सप्रे यांना बहुधा 'हिंदीकडे गेलेले' म्हणून बाजूला ठेवले आहे. ही विभागणी पटण्याजोगी नाही. टिळकांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ, समर्थांचा 'दासबोध' आणि चिंतामणराव वैद्यांचे महाभारतविषयक विवेचन सप्रे यांनी हिंदीत नेले. 1924 च्या देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते मराठी विसरल्यामुळे नव्हे. घराने दिलेली भाषा आणि शाळेने दिलेली भाषा यांतील अंतर त्यांनी अनुवादाने भरून काढले, आणि ज्या वर्गात हे अंतर विद्यार्थ्याला जाणवू दिले जाते तेथेच अनुवादक घडतो. रायपूरच्याच शाळेत शिकलेले हरिनाथ दे (1877-1911) पुढे चौतीस भाषांचे जाणकार म्हणून प्रसिद्धीस आले व कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. त्यांच्या प्रतिभेचे श्रेय शाळेला देणे अतिशयोक्त होईल. तथापि बंगाली घर, हिंदी शाळा आणि छत्तीसगढी रस्ता असे त्यांचे बालपण होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 च्या सुमारास छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले आणि ग्रिअर्सन यांनी 1890 मध्ये ते इंग्रजीत प्रसिद्ध केले. विद्यार्थी घरी जी भाषा बोलतात तिला व्याकरण असते, हे दाखवून देण्याचे काम एका शालेय शिक्षकाने केले.

आता विद्यार्थ्याच्या नावाकडे वळता येईल, कारण शाळेत नोंदली जाणारी पहिली वार्ता तीच होय. हिंदी लेखनव्यवहारात 'ळ' या अक्षराला स्थान नाही. परिणामी 'काळे' हे आडनाव प्रवेशनोंदीत 'काले' होते, 'केळकर'चे 'केलकर' होते; खुद्द टिळकांचे तेथे 'तिलक' झाले आहेत. या बदलात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. लिपिक आपल्या भाषेच्या नियमाने लिहितो, आणि प्रमाणपत्रे त्या लेखनानुसार निघत जातात. तिसऱ्या पिढीपर्यंत कुटुंबातील उच्चारही नोंदीप्रमाणे बदललेला असतो. सिंधी आडनावांतील अंतर्मुखी स्फोटकांचीही गत निराळी नाही. भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ध्वनिपरिवर्तनाची कारणे सांगताना शाळेच्या नोंदवहीचा उल्लेख येत नाही. तो यावयास हवा.

सणांच्या वार्तेत हाच प्रश्न अधिक रोचक रूप धारण करतो. विदर्भातील पोळा आणि छत्तीसगढमधील पोरा हे एकाच अमावास्येला येतात. दोन्हीकडे बैलाची पूजा आहे. दोन्हीकडे मुलांच्या हातात बैलाची लहान प्रतिकृती असते. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला ती लाकडाची, छत्तीसगढी घरांत मातीची, आणि तेथे मुलींसाठी मातीची भांडी व जातेही असते. पोळा आणि पोरा या नावांतील भेद ळ आणि र यांच्यापुरताच आहे. तथापि अमान्त पंचांग पाळणाऱ्या मराठी घरात ही श्रावणी अमावास्या असते, तर पूर्णिमान्त गणनेच्या छत्तीसगढी घरात तीच भाद्रपदी. शाळेच्या फलकावर जेव्हा 'भाद्रपद अमावस्या' असे लिहिले जाते तेव्हा मराठी मुलाला घरचे पंचांग चुकीचे वाटू लागते, किंवा शाळेचे. दोन्ही बरोबर आहेत हे सांगण्यासाठी पाच मिनिटांचे स्पष्टीकरण पुरेसे असते, आणि त्यातून कालगणनेचा एक उत्तम धडा होऊ शकतो. चैत्रारंभीही अशीच संधी येते. गुढीपाडवा आणि चेटीचंड एकमेकांना लागून येतात. वार्षिकांकातील 'सर्व सण उत्साहात साजरे झाले' या ठरावीक वाक्यात मात्र यांपैकी काहीच उरत नाही. विविधतेचा गौरव करणारे लेखन प्रत्यक्षात विविधतेविषयी फारच थोडी माहिती देते, हा या प्रकारच्या मजकुराचा मोठा दोष आहे.

हिंदी प्रदेशातील वार्षिकांकांची रचना सामान्यतः हिंदी, इंग्रजी व संस्कृत अशा विभागांची असते. या विभागणीत बाहेर राहणारी पहिली भाषा मराठी किंवा सिंधी नसून छत्तीसगढी आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने आपल्या तक्रारीआधी नोंदवावयास हवी. 2007 च्या कायद्याने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले, परंतु संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. सिंधी 1967 पासून अनुसूचीत आहे, मात्र तिला राज्य नाही. मराठीला राज्य आहे, पण ते सीमेपलीकडे. प्रतिष्ठेची निरनिराळी प्रमाणपत्रे हाती असलेल्या या तिन्ही भाषा शाळेच्या छापील पानावर सारख्याच अनुपस्थित राहतात. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी, असा निर्देश संविधानाच्या 350-अ अनुच्छेदात 1956 पासून आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. माध्यमिक स्तरावर, जेथे विद्यार्थी स्वतः लिहू लागतो, तेथे मात्र या तरतुदींचा आधार क्षीण होतो.

ही उणीव समाजाच्या संस्था भरून काढतात, असे म्हटले जाते आणि ते अंशतः खरेही आहे. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 पासून कार्य करीत असून संत ज्ञानेश्वर विद्यालय ही शाळाही चालवीत आहे. अशा संस्थांमुळे भाषा टिकते; परंतु ती गणेशोत्सव, नाटक आणि हळदीकुंकू यांच्या प्रसंगापुरती टिकते, असा धोकाही संभवतो. जिच्यात केवळ उत्सवाची निमंत्रणे लिहिली जातात व क्रीडास्पर्धेचा निकाल किंवा परीक्षेची तक्रार लिहिली जात नाही, ती भाषा तरुण पिढीला हळूहळू वयस्कांची वाटू लागते. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून अध्यापन करणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांचे घर मराठी व काव्य हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व समीक्षक. एका घरातून दोन साहित्यांना दोन लेखक मिळाले, ते घरात मराठी सणापुरती नव्हती म्हणून.

सात भाषांचा वार्षिकांक कोण संपादित करील आणि कोण वाचील, असा आक्षेप घेतला जाईल. तो योग्यच आहे. एका शाळेने सात विभाग उघडावेत, अशी अपेक्षा अव्यवहार्य होय. त्याऐवजी 'दर्पण'च्या स्तंभांचा आदर्श अधिक उपयोगी पडेल : वार्ता एकच, आणि तिच्या शेजारी अरुंद स्तंभात ज्या घरातून ती आली त्या घरचे चार शब्द. संपादक-शिक्षकाला त्या भाषा येण्याची गरज नाही. विद्यार्थ्याला येतात एवढे पुरेसे आहे. वर्षारंभी आपले नाव सांगण्याचा जो परिपाठ प्रत्येक वर्गात असतो, तोच फळ्यावर एकाखाली एक लिहून घेतला तर हिंदीतील 'मेरा नाम'खाली छत्तीसगढी 'मोर नाव', सिंधी 'मुंहिंजो नालो', तेलुगू 'ना पेरु' आणि मराठी 'माझे नाव' येईल. बस्तरहून आलेला एखादा विद्यार्थी हलबीत 'मोचो नाव' असे लिहील. त्यातील 'चो' पाहून मराठी विद्यार्थ्याला आपल्या 'चा-ची-चे'ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या, म्हणजे मराठीच्या खंडात हलबीला का घेतले, हा प्रश्न मग वर्गातच निघेल, आणि त्यावर वाद होईल तो हलबी बोलणाऱ्या मुलाच्या समक्ष.